प्रमाणपत्रांची फाईल आणि नगररचनाकाराचे शिक्षण

प्रश्न : मी २०१० मध्ये नगर नियोजनात एम.टेक. केले आणि तेव्हापासून पुण्यातील एका खासगी सल्लागार संस्थेत काम करते. आमच्याकडे मुख्यतः नगरपरिषदांच्या विकास योजना, म्हणजे शहराच्या जमीनवापराचे आराखडे, तयार करण्याची कामे असतात. शिवाय त्याच गावांतील खासगी ले-आउटची कामेही येतात. नव्याने आलेली मुले जीआयएसवर (संगणकावरील नकाशा प्रणालीवर) माझ्यापेक्षा कितीतरी वेगाने काम करतात आणि बैठकांमध्ये आपण मागे पडलो आहोत असे मला सतत वाटते. वेबिनारांची प्रमाणपत्रे भरपूर जमली आहेत, पण त्यांतून काही हाती लागले असे म्हणवत नाही. अमेरिकेत असलेली मैत्रीण तिथले एआयसीपी प्रमाणन घे म्हणते, तर घरचे पीएच.डी. कर म्हणतात. कार्यालय सुट्टीही देत नाही आणि शुल्कही भरत नाही. मुलगा यंदा दहावीला आहे. मी नेमके काय शिकावे, कोठे शिकावे आणि कोणत्या क्रमाने?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : आपल्या पत्रातले सगळे पर्याय बाहेरून आलेले आहेत. एक मैत्रिणीने सुचवला, एक घरच्यांनी, आणि वेबिनार तर ई-मेलवर आयते येऊन पडतात. आपल्या टेबलावर आज जी विकास योजना उघडी आहे, तिच्या कामात कोठे अडखळायला होते, कोणत्या प्रश्नाला उत्तर देताना आवाज खाली जातो, यातून निघालेला पर्याय त्यांत एकही नाही. माझे उत्तर त्या अडखळण्यापासून सुरू होते. त्यामुळे आधी कायदा, मग नकाशा, मग लोकांशी बोलणे, असा क्रम मी सुचवतो. आपण पत्रात एका उपवाक्यात उरकलेली एक गोष्ट या तिन्हींच्या आधी यायला हवी होती असे मला वाटते. तिच्याकडे मी शेवटी येतो.

प्रथम हे लक्षात घ्यावे की आपल्या व्यवसायात पुढील शिक्षणाची सक्ती करणारे कोणी नाही. वास्तुविशारदांसाठी १९७२ चा कायदा आहे आणि त्याखाली वास्तुकला परिषद आहे. नियोजनकारांसाठी अशी वैधानिक परिषद भारतात नाही. १९५१ मध्ये स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्स, इंडिया ही आपली व्यावसायिक संस्था आहे आणि तिचे सदस्यत्व अनेक निविदांमध्ये मागितले जाते, पण ते कायद्याने दिलेला परवाना नव्हे. नीती आयोगाने २०२१ च्या अहवालात नियोजनकारांसाठी राष्ट्रीय पातळीवर वैधानिक परिषद असावी अशी शिफारस केली होती. त्याच अहवालात असे म्हटले आहे की राज्यांच्या नगररचना विभागांना बारा हजारांहून अधिक नियोजनकार लागतील, मंजूर पदे मात्र चार हजारांच्याही आत आहेत आणि त्यांतली जवळपास निम्मी रिकामी आहेत. या रिकाम्या खुर्च्यांचे काम शेवटी आपल्यासारख्या सल्लागारांकडे येते. नगरपरिषदेच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या नकाशावर एखाद्याच्या शेतावर आरक्षणाचा, म्हणजे ती जमीन सार्वजनिक कामासाठी राखून ठेवल्याचा, रंग भरला जातो, तेव्हा तो विचार बहुधा कोथरूड किंवा शिवाजीनगरच्या एखाद्या कार्यालयात बसलेल्या माणसाने केलेला असतो. म्हणून सक्ती नाही याचा अर्थ गरज नाही असा घेता येत नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. एआयसीपी ही अमेरिकेतील नियोजनकारांची व्यावसायिक पात्रता आहे. ती टिकवण्यासाठी सदस्याला दर दोन वर्षांत ३२ श्रेयांक मिळवावे लागतात, साधारण एका तासाला एक या हिशेबाने. तिची परीक्षा अमेरिकी कायदा आणि तिथल्या झोनिंगच्या चौकटीवर उभी आहे, आणि नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांसमोर किंवा नगररचनेच्या सहसंचालकांसमोर तिचा काडीचाही उपयोग होणार नाही. तिकडे स्थलांतर करण्याचा विचार असेल तर गोष्ट वेगळी; तसा उल्लेख आपल्या पत्रात नाही. मात्र त्या पद्धतीतली एक गोष्ट मला उचलण्याजोगी वाटते : त्या ३२ श्रेयांकांतला काही भाग कायद्यासाठी आणि काही भाग व्यावसायिक नीतीसाठी राखून ठेवलेला असतो, सदस्याला आवडो वा न आवडो. माणसाला मोकळे सोडले तर तो आवडीचेच शिकत राहतो, हे तिथल्या लोकांनी ओळखले आहे. आपण वर्षाला सोळा तास एवढे माप स्वतःला लावून घ्यावे आणि त्यांतले निम्मे निदान पहिल्या वर्षी कायद्याला द्यावेत.

कायदा पहिला का, ते सविस्तर सांगतो. आपण २०१० मध्ये बाहेर पडलात तेव्हा भूसंपादन १८९४ च्या कायद्याखाली होत होते. १ जानेवारी २०१४ पासून त्या जागी २०१३ चा कायदा आला, आणि मोबदल्याचे गणित पूर्ण बदलल्याने आरक्षण टाकणे आणि ते ताब्यात घेणे यांतले अंतर नगरपरिषदांच्या तिजोरीच्या दृष्टीने पुष्कळ वाढले. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ मध्ये, अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही तर मालकाला सूचना बजावता येते; त्या सूचनेनंतर प्राधिकरणाला मिळणारी मुदत आपण शिकलात तेव्हा बारा महिन्यांची होती, ती २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस महिन्यांची झाली. त्या मुदतीत संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. डिसेंबर २०२० मध्ये एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे आपण सगळे ज्याला युडीसीपीआर म्हणतो ती, लागू झाली आणि मुंबई, गिरिस्थान नगरपरिषदा, पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रे असे अपवाद वगळता राज्यभर गावोगावच्या वेगवेगळ्या नियमावल्या एका झटक्यात बाजूला झाल्या. त्यानंतरही अधिसूचना, शुद्धिपत्रके आणि नगररचना अधिनियमाच्या कलम १५४ खालचे राज्य शासनाचे निर्देश येतच आहेत. पदवीच्या वेळी घेतलेल्या टिपणांवर आज कोणी अभिप्राय लिहिला, तर तो निव्वळ चुकीचा ठरेल.

हे शिकण्यासाठी वर्ग शोधत बसू नये. आपल्या चालू कामातले एक आरक्षण निवडा; शक्यतो भांडणाचे, म्हणजे जुन्या योजनेत क्रीडांगण होते आणि सुधारित योजनेत त्यावर रहिवास विभाग दाखवा असा आग्रह होत आहे, अशा प्रकारचे. ते पहिल्यांदा कधी आले, कोणत्या कलमाखाली प्रसिद्ध झाले, कलम १२७ ची सूचना कधी मिळाली, तिच्यासोबत मालकीची कागदपत्रे होती का, नगरपरिषदेने संपादनाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवला का आणि केव्हा, मालकाला टीडीआर (जमिनीच्या बदल्यात मिळणारा, दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊ केला होता का, हे सर्व तारखांसह एका पानावर मांडा. मग सर्वोच्च न्यायालयाच्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणातील २००७ आणि २०११ चे निर्णय वाचा. पहिल्यात, संपादनासाठी पावले उचलली असे केव्हा म्हणता येते यावर विवेचन आहे. दुसऱ्यात, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने जुन्या भूसंपादन कायद्यातील मुदतीचे कलम ११-ए नगररचना कायद्याखालच्या संपादनाला लागू होत नाही असे ठरवले. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-एससीआर संकेतस्थळावर हे निर्णय विनामूल्य मिळतात. भाषा जड आहे, पण आपले पान समोर ठेवून वाचले की प्रत्येक परिच्छेद त्या क्रीडांगणाबद्दलच बोलतो आहे असे वाटू लागते. अशी चार-पाच प्रकरणे झाली की बैठकीत मागे पडल्याची भावना बरीच ओसरेल, कारण तिथे बसलेल्या वेगवान मुलांपैकी कोणीही हे वाचलेले नसते.

आता त्या मुलांच्या वेगाबद्दल. त्यांच्याशी शर्यत लावण्याची आपल्याला गरज नाही; पण त्यांचे काम तपासता येण्याइतके जीआयएस आले नाही तर आपली सही कोरी आहे. केंद्राच्या अमृत योजनेखालच्या जीआयएस-आधारित विकास योजनांचा मूळ नकाशा १:४००० या प्रमाणाचा असतो. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर चार मीटर होतो, आणि नऊ मीटरच्या रस्त्याची कडा दोन मिलिमीटर सरकली की रस्ता जवळजवळ पुरताच शेजारच्या गटात जातो. उपग्रहाच्या चित्रावर गाव नकाशा बसवताना असे सरकणे हमखास होते, कारण जुन्या मोजणीचा नकाशा आणि उपग्रहाचे चित्र यांचा जन्म एका पद्धतीने झालेला नाही. पडद्यावर सगळे गोडगोजिरे जुळलेले दिसते. आपण विचारायचे ते इतकेच : संदर्भबिंदू (नकाशा आणि चित्र दोन्हींत ओळखू येणाऱ्या जागा) कोणते घेतले, किती घेतले, ते गावठाणात एकवटलेले आहेत की शिवेपर्यंत पसरलेले आहेत, अवशिष्ट चूक (बसवल्यानंतरही उरलेला फरक) किती मीटर निघाली, दोन्ही स्तर यूटीएम ४३ उत्तर या एकाच प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) आहेत का, आणि ज्या गटांवर आरक्षण टाकले आहे त्यांच्या सीमा मोजणीच्या कागदांशी पडताळल्या आहेत का. हे प्रश्न विचारण्यासाठी आणि उत्तर खरे की वेळ मारून नेणारे हे कळण्यासाठी क्यूजीआयएस या जीआयएस प्रणालीवर स्वतः एक गाव बसवून पाहिले पाहिजे. ती प्रणाली मोफत आहे. पायाभूत ज्ञानासाठी इस्रोच्या डेहराडून येथील भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे विनामूल्य ऑनलाइन अभ्यासक्रम चांगले आहेत. माझ्या मते बाजारातल्या महागड्या शनिवार-रविवारच्या वर्गांपेक्षा उजवे.

नकाशाबरोबर थोडे पाणीही शिकून घ्यावे. निळी पूररेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, एवढे सर्वांना पाठ असते. पण २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने जे केले ते मोठ्या नदीच्या पूररेषेच्या हिशेबात बसणारे नव्हते. नगरपरिषदांच्या हद्दीतून वाहणारे असेच ओढे आपल्या नकाशांवर पुष्कळदा एक बारीक निळी रेघ म्हणून उरतात आणि त्यांच्या पाणलोटाचा विचार कोणी करत नाही. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था आणि राष्ट्रीय जल अकादमी या दोन्ही संस्था आपल्या घरापासून फार दूर नाहीत. अकादमीचे वर्ग प्रामुख्याने जलक्षेत्रातील सेवेत असलेल्या अभियंत्यांसाठी असतात. तरीही तिचे वार्षिक वेळापत्रक पाहून, बाहेरच्यांना घेतात का, हे पत्र लिहून विचारायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट लोकांशी बोलण्याची, आणि ही मला सर्वांत कठीण वाटते. कायद्याने प्रारूप योजना प्रसिद्ध होते, हरकती व सूचना येतात, नियोजन समिती सुनावणी घेते, आणि सल्लागार मागच्या रांगेत नकाशांची गुंडाळी घेऊन बसतो. पुण्याचेच पाहा : जुन्या हद्दीची सुधारित विकास योजना इतक्या हरकतींच्या आणि राजकारणाच्या गदारोळात सापडली की २०१५ मध्ये राज्य सरकारने ती महापालिकेकडून काढून घेऊन विभागीय आयुक्तांच्या समितीकडे सोपवली, आणि मंजुरीसाठी जानेवारी २०१७ उजाडले. या सगळ्याचे खापर एका कारणावर फोडता येणार नाही. परंतु लोकांच्या हाती पहिल्यांदा नकाशा पडतो तोच तयार झालेला नकाशा असतो, आणि त्यांच्या बोलण्याला पहिली जागा मिळते तीच हरकतीच्या अर्जात, हे त्यातले एक मोठे कारण आहे असे मी मानतो. शेतकऱ्याला ‘आपला गट क्रमांक अमुक सार्वजनिक-निमसार्वजनिक वापराखाली प्रस्तावित आहे’ असे सांगितल्यावर तो काय समजणार? विद्यमान जमीन वापराचे सर्वेक्षण चालू असतानाच, म्हणजे प्रस्ताव ठरण्याआधी, प्रभागात बसून नकाशा उलगडून दाखवणे, बायका पाण्याला कोठून जातात आणि आठवडी बाजार खरोखर कोठपर्यंत पसरतो ते विचारणे, आणि ऐकलेले साध्या मराठीत लिहून दुसऱ्या बैठकीत परत वाचून दाखवणे, हे कौशल्य आहे आणि ते शिकावे लागते.

ते शिकण्याची सोय पुण्यात आहे. बाणेर रस्त्यावरील यशदा या राज्याच्या प्रशिक्षण संस्थेमध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांशी संबंधित प्रशिक्षणे चालतात. ती मुख्यतः अधिकारी आणि लोकप्रतिनिधींसाठी असल्याने नगरपरिषदेचा सल्लागार म्हणून मुख्याधिकाऱ्यांमार्फत विचारणा केलेली बरी. महापालिकेने २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामे सुचवून घेण्याची पद्धत सुरू केली. तिच्यात उणिवा पुष्कळ आहेत, तरी आपल्या क्षेत्रीय कार्यालयात त्या सूचनांचे पुढे काय होते याचा एक वर्षभर माग ठेवला, तर लोकसहभागावरच्या दहा व्याख्यानांत मिळणार नाही इतके कळेल. कचरा वेचणाऱ्यांच्या ‘स्वच्छ’ सहकारी संस्थेसारख्या ठिकाणी वस्तीपातळीवर माहिती गोळा करण्याचा अनुभव असलेली माणसे आहेत. त्यांच्याबरोबर काही दिवस फिरण्याची परवानगी मागावी. आपल्यासारखी माणसे सहसा असे काही मागत नाहीत, म्हणूनही कदाचित ती मिळेल.

आता त्या उपवाक्याकडे येतो. आपली संस्था नगरपरिषदेची विकास योजना करते आणि ‘त्याच गावांतील खासगी ले-आउटची कामेही येतात’ असे आपण सहज लिहून गेलात. प्रारूप प्रसिद्ध होण्याआधी कोणता रस्ता कोठून जाणार आणि कोणता पट्टा हरित विभागातून रहिवास विभागात येणार हे ज्या कार्यालयाला माहीत असते, त्याच कार्यालयात त्या पट्ट्यातला जमीनमालक पक्षकार म्हणून येत असेल, तर हितसंबंधांचा संघर्ष तिथे उभाच आहे. कोणी गैर काही केले आहे की नाही, हा त्यापुढचा प्रश्न. आपण कोणावर आरोप केलेला नाही आणि मीही करत नाही. तथापि नगरपरिषदेशी झालेल्या करारात याबद्दल काय लिहिले आहे ते वाचा. इन्स्टिट्यूट ऑफ टाउन प्लॅनर्सची व्यावसायिक आचारसंहिता आहे, तीही वाचा. मग संस्थेच्या प्रमुखांना तीन गोष्टी सुचवा : योजना चालू असेपर्यंत त्या हद्दीतले खासगी काम घेऊ नये, आधीच हाती असेल तर नगरपरिषदेला लेखी कळवावे, आणि ते काम पाहणाऱ्या माणसाला योजनेच्या फाईल उघडता येऊ नयेत. हे सुचवणे सोपे नाही, विशेषतः नोकरी टिकवायची असताना, आणि प्रमुख हसून विषय बदलतील अशीही शक्यता आहे. तसे झाले तर निदान आपल्यापुरते, ज्या पट्ट्याचा मालक आपला पक्षकार आहे त्यावरच्या प्रस्तावाची टिपणी मी लिहिणार नाही, असे सांगता येते, आणि ते ई-मेलने सांगावे म्हणजे नोंद राहते.

पीएच.डी. हे व्यवसायातले पुढील शिक्षण नव्हे. तो अध्यापनाकडे किंवा संशोधनाकडे वळण्याचा निर्णय आहे. तसे वळायचे असेल तर अवश्य करा. बैठकीत कमी पडतो म्हणून करू नका.

वेळ आणि पैसा यांचे म्हणाल, तर वर सांगितलेल्यात खर्च फार थोडा आहे. कार्यालयाकडे सुट्टी मागण्याऐवजी महिन्यातून एका शनिवारी दोन तासांचे अंतर्गत सत्र मागा. त्यात एका वेळी नव्या मुलांनी जीआयएसचे एक काम आपल्याला करून दाखवावे आणि पुढच्या वेळी आपण त्यांना आरक्षणाचे एक प्रकरण तारखांसह समजावून सांगावे. संस्थेच्या मालकाला यासाठी काही भरावे लागत नाही, उलट पुढच्या निविदेत प्रशिक्षित मनुष्यबळाचा मुद्दा लिहिता येतो. त्यामुळे नकार येण्याचे कारण कमी. मुलांनाही कोणी शिकवलेले नसते, हे आपल्या लक्षात आलेच असेल.

जमलेल्या प्रमाणपत्रांची काळजी सोडा. निविदेत तज्ज्ञांची यादी जोडताना त्यांतली दोन-चार लागतील, तेवढी वेगळी ठेवा. आपण अजून इन्स्टिट्यूटच्या सहयोगी सदस्य झाला नसाल, तर एवढा एक अर्ज मात्र लवकर करा. आणि एखादा रीतसर अभ्यासक्रम हवाच असेल, तर एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर आयआयटींचे नगर नियोजन, गृहनिर्माण आणि वाहतूक या विषयांचे अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत येतात. पाहणे व स्वाध्याय विनामूल्य असतात, शुल्क फक्त परीक्षेला बसायचे असेल तरच लागते. जानेवारीचे सत्र मुलाच्या बोर्डाच्या परीक्षेत सापडेल, तेव्हा जुलैच्या सत्रात एकच विषय घ्या.